कॅप्टन मार्टेल यांची हरवलेली ग्रंथी

कॅप्टन चार्ल्स मार्टेल हे अमेरिकी व्यापारी जहाजांवरचे अधिकारी, सहा फुटांहून उंच आणि धडधाकट. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, ऐन तारुण्यात, त्यांची हाडे दुखू लागली. पुढे ती किरकोळ धक्क्यानेही मोडू लागली, मणके दबत गेले, लघवीतून खडीसारखे कण पडू लागले. काही वर्षांत उंची सुमारे ७ इंचांनी घटली.

१९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात त्यांच्या रक्तातले कॅल्शियम फार वाढलेले आढळले. संशय गेला पॅराथायरॉइडवर. गळ्यात थायरॉइडच्या मागे असणाऱ्या, मसुराच्या दाण्याएवढ्या या ग्रंथी सहसा चार असतात. रक्तातले कॅल्शियम उतरले की त्यांचे संप्रेरक ते हाडांतून काढते, लघवीवाटे वाया जाणारे वाचवते आणि ड जीवनसत्त्वाच्या मदतीने आतड्यातून अधिक मिळवते. गरज भागली की ग्रंथी थांबतात. मार्टेल यांची एक ग्रंथी थांबतच नव्हती. हाडे पोकळ होत होती आणि जादा कॅल्शियमचे मूत्रपिंडात खडे बनत होते.

त्याच वर्षी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांच्या गळ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. हाती लागल्या त्या निरोगी ग्रंथी! नंतर न्यूयॉर्कला तिसरी, मग १९३२ मध्ये पुन्हा बॉस्टन. सहा शस्त्रक्रिया झाल्या तरी गाठ सापडेना.

एव्हाना मार्टेल स्वतःच हार्वर्डच्या ग्रंथालयात शरीररचनेची पुस्तके वाचू लागले होते. (पुस्तक वाचून आलेला रुग्ण दिसला की आजही डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. इथे मात्र रुग्णाचे बरोबर होते.) गर्भावस्थेत खालच्या दोन पॅराथायरॉइड थायमस ग्रंथीबरोबर खाली सरकतात आणि कधी कधी त्यांतली एखादी थेट छातीत उतरते. तिथे शोधा, असा आग्रह मार्टेल यांनी धरला. सातव्या खेपेला डॉ. एडवर्ड चर्चिल आणि डॉ. ऑलिव्हर कोप यांना छातीच्या हाडामागे सुमारे ३ सेंटिमीटरची गाठ मिळाली.

कॅल्शियम एकदम कोसळू नये म्हणून गाठीचा तुकडा मुद्दाम मागे ठेवला होता. तरीही ते कोसळलेच. निरोगी ग्रंथी आधीच निघाल्या होत्या आणि इतकी वर्षे उपाशी राहिलेली हाडे आता रक्तातले कॅल्शियम ओढून घेत होती. स्नायूंना पेटके येऊ लागले. ते सावरण्याआधीच मूत्रवाहिनीत जुना खडा अडकला. त्यासाठी आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागली आणि तिच्यानंतर मार्टेल यांचा मृत्यू झाला. गाठ सापडून तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते.