निकोलो पागानिनी आणि त्याचे फिडल

एकच पीठ, एकच चूल. तरी दोघींच्या हातची भाकरी सारखी होत नाही. एकच बोरू दोन मुलांच्या हाती दिला, तर कागदावर दोन निराळी वळणे उमटतात. वाद्यांचीही हीच गोष्ट आहे. ज्या वाद्यातून एकाच्या हाती मधुर नाद निघतो, त्याच वाद्यातून दुसऱ्याच्या हाती नुसती करकर ऐकू येते. तर मग नाद कोणाचा म्हणावा? वाद्याचा की हाताचा? ह्या प्रश्नाचा उलगडा ज्याच्या आयुष्यात उत्तम प्रकारे होतो, त्या निकोलो पागानिनी नामक इटालियन फिडलवादकाचा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पागानिनीचा जन्म इटलीतील जिनोव्हा ह्या बंदराच्या शहरी २७ ऑक्टोबर १७८२ रोजी झाला. घरची स्थिती बेताचीच होती. बापास संगीताची हौस असे. त्याने मुलास प्रथम मँडोलिन व पुढे फिडल शिकविण्यास आरंभ केला. बापाची शिस्त मोठी कडक. मुलाने मेहनतीत कसूर केली, तर त्यास उपाशी ठेवण्यासही तो कचरत नसे, असे सांगतात. अशी कठोरता अनुकरणीय नव्हे; परंतु बालवयातच मुलाचा हात तयार झाला, ही गोष्ट खरी. तेराचौदा वर्षांचा असता अधिक शिक्षणासाठी त्यास पार्मा येथे पाठविण्यात आले. पुढे १८०१ साली लुक्का येथे जाऊन तो स्वतंत्रपणे राहू लागला. ह्या काळात त्याने गिटारही उत्तम साध्य केली व तिच्यासाठी पुष्कळ रचना केल्या.

बापाच्या धाकातून सुटताच मात्र त्यास जुगाराचे व्यसन जडले. त्या पायी एकदा तर स्वतःचे फिडलही त्याच्या हातचे गेले. लिव्होर्नो येथे जलसा ठरलेला आणि वादकाजवळ वाद्यच नाही! तेव्हा लिव्हरों नावाच्या एका व्यापाऱ्याने आपले मौल्यवान फिडल त्यास त्या दिवसापुरते दिले. क्रेमोना येथील प्रसिद्ध कारागीर ज्युझेप्पे ग्वार्नेरी ह्याने ते १७४३ साली घडविले होते. जलसा संपल्यावर पागानिनी ते परत करू लागला. परंतु त्या गृहस्थाने ते घेतलेच नाही, असा वृत्तान्त आहे. जे फिडल आपण नित्य वाजवीत होतो, त्यात असा नाद साठलेला आहे ह्याची त्यास कल्पनाही नव्हती. तो नाद ऐकल्यानंतर त्या तारांना पुन्हा आपला हात लावावा, असे त्यास वाटेना. त्या फिडलाच्या प्रचंड आवाजामुळे पागानिनीने त्याचे नाव तोफ असे ठेविले, आणि मरेपर्यंत त्यास अंतर दिले नाही.

हे कसे घडते, हे समजून घेण्याजोगे आहे. फिडलाला सतारीसारखे पडदे नसतात. बोट केसभर इकडे तिकडे झाले की सूर ढळतो. गज किती वेगाने ओढावा, तारेवर किती दाबावा, घोडीच्या जवळून फिरवावा की दूर, ह्या प्रत्येक गोष्टीने नादाचा रंग पालटतो. लाकूड तेच, तारा त्याच. परंतु क्षणोक्षणी निवड करणारा हात निराळा. पागानिनीच्या हाताची ठेवणही विशेष होती. १८३१ साली बेन्नाती नामक वैद्याने त्याची स्थिती वर्णन केली आहे. हात फार मोठे नव्हते; परंतु सांधे इतके लवचिक की बोटे विलक्षण ताणली जात. ह्या देणगीस त्याने युक्तीची जोड दिली. आपल्या पहिल्या कन्सर्टोत तो फिडलाच्या तारा अर्ध्या स्वराने चढवून घेई, त्यामुळे साथीच्या वाद्यवृंदाहून त्याचे वाद्य अधिक तेजस्वी वाजे. डाव्या हाताच्या बोटांनी तो तारा छेडी, आणि एका तारेवर संपूर्ण रचना वाजवून दाखवी.

१८२८ साली तो व्हिएन्ना येथे गेला. १८३१ साली त्याने पॅरिस व लंडन ही शहरे गाजविली. लोक थक्क झाले. परंतु हातातील मेहनत डोळ्यांस दिसत नाही, म्हणून त्यांनी भलतेच कारण शोधिले. ह्याने सैतानाशी करार केला आहे, अशी आवई उठली. कोणी म्हणत, खून करून हा तुरुंगात पडला होता व तेथे एकाच तारेवर वाजविण्यास शिकला. ह्या बोलवांचा त्यास इतका ताप झाला की आपल्या आईचे पत्र प्रसिद्ध करून त्यास आपले कूळ सिद्ध करावे लागले.

१८३३ साली पॅरिस येथील कुशल कारागीर व्हियोम ह्याच्याकडे ते फिडल दुरुस्तीस गेले असता त्याने त्याची हुबेहूब प्रतिकृती घडविली. दोन्ही शेजारी ठेविली असता खुद्द पागानिनीस ती प्रथम ओळखता आली नाहीत. नाद ऐकूनच भेद कळला, असे सांगतात. तेव्हा वाद्याचा गुण मुळीच नाही, असे कोणी समजू नये. ती प्रतिकृती पुढे त्याचा शिष्य कामिल्लो सिव्होरी ह्यास मिळाली. तीच हाती घेऊन सिव्होरी युरोप व अमेरिका खंडांत कीर्ती पावला.

अखेरच्या वर्षांत पागानिनीचा आवाज पार बसला. पुत्र आकिल्ले हा त्याच्या ओठांवरून शब्द ओळखून इतरांस सांगे. २७ मे १८४० रोजी नीस येथे त्याचे देहावसान झाले. अंतकाळचे धर्मविधी झाले नसल्यामुळे तेथील बिशपांनी ख्रिस्ती दफनास अनुमती नाकारली, आणि १८७६ साली पार्मा येथे त्याच्या देहास विसावा मिळाला.

मृत्युपत्रात त्याने आपले फिडल जिनोव्हा नगरीस कायमचे जतन करण्यासाठी दिले होते. परंतु कपाटात बंद ठेविलेले वाद्य मुकेच राहणार! म्हणून ते अधूनमधून निवडक वादकांच्या हाती देण्यात आले. १९०३ साली ब्रोनिस्लाव्ह ह्यूबरमन ह्याने ते वाजविले. २००१ साली रेजिना कार्टर ह्या अमेरिकन विदुषीने त्यावर जाझ संगीत वाजविले. असे संगीत त्या वाद्यास शोभणार नाही, अशी आधी कित्येकांनी तक्रार केली होती. परंतु श्रोत्यांनी तिचा मोठा गौरव केला. फिडल तेच, मात्र त्यातून जो नाद निघाला, तो पागानिनीचा नव्हता, तिचा होता.

विद्यार्थ्यांनो, शेजाऱ्याचे वाद्य, शेजाऱ्याची लेखणी किंवा शेजाऱ्याची बॅट मिळाली की आपलेही काम तसेच उठून दिसेल, असे आपणांस पुष्कळदा वाटते. पालकही मुलास महागडे साधन आणून देतात व गुणांची वाट पाहत बसतात. चांगले साधन अवश्य मिळवावे. परंतु लिव्होर्नोच्या त्या व्यापाऱ्याजवळ जगातील उत्तम फिडल होते, आणि तरीही त्याचा खरा नाद त्यास दुसऱ्याच्या हातूनच ऐकावा लागला, हे विसरू नये. साधन विकत मिळते, उसने मिळते, वारशानेही मिळते. हात मात्र ज्याचा त्यानेच घडवावा लागतो.