कॉलिन चॅपमन : गाडीतून वजन काढणारा इंजिनिअर



नवीन फोन घ्यायचा म्हटलं की आपण काय करतो? दोन-तीन मॉडेल निवडतो, त्यांची स्पेसिफिकेशन शेजारी-शेजारी ठेवतो आणि प्रोसेसर, रॅम, बॅटरी यांचे आकडे ताडून बघतो. मला हीच सवय गाड्यांच्या बाबतीतही आहे. घ्यायची नसते, पण बघायला काय जातंय! मध्यंतरी मी दोन सीटच्या, टप उघडणाऱ्या, त्यातल्या त्यात परवडणाऱ्या स्पोर्ट्स कारची तुलना करत बसलो होतो. या प्रकारात सगळ्यात जास्त खपलेली गाडी म्हणजे माझदा एमएक्स-5. तिची जन्मकथा वाचायला घेतली की ती आपल्याला 1962 सालच्या एका इंग्लिश गाडीपर्यंत नेते, लोटस एलानपर्यंत. आणि एलानच्या मागे उभा असतो एक माणूस, कॉलिन चॅपमन.

आज त्याचीच गोष्ट सांगतो. त्याचं मोठेपण सांगतोच, पण त्याचा हिशेब जिथे चुकला तेही सांगतो. कारण माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला खरा धडा तिथेच मिळाला.

गणितात राहिलेला विद्यार्थी

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमनचा जन्म 19 मे 1928 चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील उत्तर लंडनमधल्या हॉर्नसी भागात रेल्वे हॉटेल चालवायचे. मुलगा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकायला गेला. अभ्यासापेक्षा त्याचं लक्ष दोन गोष्टींत जास्त असायचं. एक म्हणजे विमान उडवणं, जे तो विद्यापीठाच्या हवाई पथकात शिकला. दुसरी म्हणजे जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री. परिणाम व्हायचा तोच झाला. शेवटच्या वर्षी गणितात राहिला. आपल्या भाषेत केटी लागली! तो पेपर पुन्हा देऊन 1949 मध्ये त्याने डिग्री घेतली.

गाड्यांचा धंदाही बसला. महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये पेट्रोल रेशनवर मिळायचं. 1947 च्या अखेरीस सरकारने सामान्य लोकांचा पेट्रोलचा कोटाच बंद केला. पेट्रोल नाही तर जुनी गाडी घेणार कोण? चॅपमनने होत्या त्या गाड्या तोट्यात फुंकल्या. एक जुनी ऑस्टिन सेव्हन मात्र काही केल्या खपेना.

मग त्याने तीच गाडी खोलली. मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये तिच्यावर नवीन बॉडी चढवली आणि 1948 मध्ये त्याची पहिली गाडी तयार झाली. हीच लोटस मार्क वन. पुढे तो थोडा काळ हवाई दलात होता आणि नंतर ॲल्युमिनियम बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला. विमान, ॲल्युमिनियम आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग या तिन्ही गोष्टींचा विषय एकच: कमीत कमी वजनात जास्तीत जास्त मजबुती.

नियमातली फट

ऑस्टिन सेव्हनच्या इंजिनाला चार सिलिंडर, पण हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घ्यायला तोंडं फक्त दोन. म्हणजे दोन सिलिंडरमध्ये एक तोंड. एकाच नळाला दोन घरांचं कनेक्शन असलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एक जण भरून घेतो आणि दुसऱ्याला थेंब-थेंब मिळतं. स्वस्त गाड्यांच्या 750 सीसी गटातल्या शर्यतींत सगळ्यांचाच हा प्रॉब्लेम होता.

चॅपमनने त्या तोंडाच्या आत एक पडदा घातला. बाहेरून तोंड एकच, आतून वाटे दोन. प्रत्येक सिलिंडरला आपापला हिस्सा मिळायला लागला आणि 1951 मध्ये त्याची मार्क थ्री गाडी बाकीच्यांना धूळ चारत सुटली. आयोजकांनी पुढे नियम बदलून हा जुगाड बंद केला. नियमपुस्तिका हातात आली की त्यात काय लिहिलेलं नाही ते आधी शोधायचं, ही त्याची सवय शेवटपर्यंत टिकली.

25 पौंड आणि एक तबेला

1 जानेवारी 1952 ला लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली. जागा म्हणजे वडिलांच्या हॉटेलमागचा जुना तबेला आणि भांडवल म्हणजे हेझलने दिलेले 25 पौंड. 1954 मध्ये दोघांचं लग्न झालं. सुरुवातीला चॅपमन दिवसा नोकरी करायचा आणि रात्री गाड्या बनवायचा.

1957 मध्ये आली लोटस सेव्हन. बारीक नळ्या जोडून केलेला सांगाडा, वर ॲल्युमिनियमचे पत्रे, पुढे फोर्डचं साधं इंजिन आणि दोन सीट. वजन अर्ध्या टनाच्या आत. खरी गंमत किमतीत होती. तयार गाडी घेतली तर करासकट 1036 पौंड. तीच गाडी सुट्या भागांत, किट म्हणून घेतली तर 536 पौंड. कारण त्या वेळच्या ब्रिटिश कायद्यात तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. अट अशी होती की किटसोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. असं सांगतात की चॅपमनने गाडी खोलायच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाईक त्या उलट क्रमाने वाचायचं!

पगारदार तरुण पोरं शनिवार-रविवारी घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने स्पोर्ट्स कार जोडायला लागली.

आता खरी तुलना

त्या काळात इंग्लंडमध्ये स्वस्त, उघड्या, दोन सीटच्या गाड्यांची मोठी स्पर्धा होती. तीन गाड्या शेजारी-शेजारी ठेवू.

ऑस्टिन-हीली स्प्राइट (1958): 948 सीसी, 43 हॉर्सपॉवर, करासकट सुमारे 670 पौंड. खर्च वाचवायला मागे डिकीचं झाकण नाही आणि दाराला बाहेरून हँडलही नाही. वेग बेताचा, पण या यादीतली सगळ्यात परवडणारी तयार गाडी.

एमजीबी (1962): 1798 सीसी, 95 हॉर्सपॉवर, वजन 900 किलोंच्या वर, करासकट साधारण 950 पौंड. दणकट आणि रोज वापरता येईल अशी. टपवाल्या आणि बिनटपाच्या मिळून 5 लाखांहून जास्त बनल्या.

लोटस एलान (1962): 1558 सीसी, सुमारे 105 हॉर्सपॉवर, वजन 700 किलोंच्या आत, किंमत साधारण 1500 पौंड, किटमध्ये 1100 च्या आसपास.

इंजिन बघितलं तर एलानचं एमजीबीपेक्षा लहान. पण दर टन वजनामागे ताकद काढा. एमजीबीला साधारण 100 हॉर्सपॉवर येते आणि एलानला 150 च्या आसपास. फोनचंही असंच असतं बघा. रॅम दणदणीत असते, पण आत नको असलेली पन्नास ॲप्स भरलेली असली की फोन रडतो.

वजन कमी झालं की फक्त पळण्यात फायदा होतो असं नाही. ब्रेकला कमी थांबवावं लागतं, वळणावर टायरवर कमी ताण येतो, स्प्रिंग मऊ ठेवता येतात, इंजिन लहान चालतं, लहान इंजिनाला पेट्रोल कमी लागतं आणि मग टाकीही लहान पुरते. एका ठिकाणी वाचवलेला किलो पुढे आणखी दोन ठिकाणी वजन वाचवतो. नुसती ताकद वाढवली तर हे चक्र उलटं फिरतं. चॅपमनच्या सगळ्या कामाचं सार एवढंच.

एलानमध्ये त्याने हे कसं केलं? मधोमध पोलादी पत्र्याचा एक कणा, पुढे इंजिनासाठी आणि मागे सस्पेन्शनसाठी तो दुभंगलेला. वर फायबरग्लासची बॉडी. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक.

आता रिव्ह्यूमधला वजा भागही सांगायला हवा. एलानचे हेडलाइट व्हॅक्यूमवर वर यायचे. कुठे गळती झाली की दिवे डोळे मिटल्यासारखे हळूहळू खाली जायचे. देखभालीचा त्रास इतका की लोटस या नावाच्या इंग्रजी अक्षरांवरूनच विनोद निघाले. चालवायला गाडी भारी, पण मालकाला हातात पाना घ्यायची तयारी लागायची.

ट्रॅकवरची किंमत

हेच डोकं चॅपमनने फॉर्म्युला वनमध्ये चालवलं. 1962 च्या लोटस 25 मध्ये नळ्यांचा सांगाडा जाऊन विमानासारखं पत्र्याचं कवचच गाडीचा भार पेलू लागलं. तिच्यावर जिम क्लार्क 1963 मध्ये विश्वविजेता झाला. 1967 च्या लोटस 49 मध्ये इंजिनच गाडीच्या सांगाड्याचा भाग बनलं. 1970 च्या दशकाच्या शेवटी गाडीखालची हवा वापरून गाडी रस्त्याला चिकटवणारी लोटस 78 आणि 79 आली आणि 1978 मध्ये मारिओ आंद्रेत्ती जिंकला. चॅपमनच्या हयातीत लोटसने कन्स्ट्रक्टरचं विजेतेपद सात वेळा मिळवलं.

पण याच यादीशेजारी दुसरी यादी आहे. 1960 मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं चाक निखळलं आणि तो गंभीर जखमी झाला. त्याच सरावात माइक टेलरच्या लोटसचं स्टिअरिंग निकामी झालं. 1968 मध्ये हॉकेनहाइमला जिम क्लार्क गेला. 1969 मध्ये बार्सिलोनाला ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्या लोटसचे उंच पंख एकाच शर्यतीत मोडले. दोघं वाचले, आणि रिंटने पंखांच्या धोक्याबद्दल जाहीर पत्र लिहिलं. पुढच्याच वर्षी 5 सप्टेंबर 1970 ला मोन्झाला सरावात रिंटच्या गाडीचा पुढचा ब्रेक शाफ्ट तुटला आणि तो गेला. ट्रॅकचे कठडे नीट बसवलेले नव्हते हेही तपासात निघालं. त्या वर्षीचा विश्वविजेता तोच ठरला, मृत्यूनंतर.

त्या काळी सगळ्याच टीमचे ड्रायव्हर मरत होते, हे खरं आहे. प्रत्येक अपघाताचं खापर चॅपमनवर फोडणं बरोबर नाही. पण त्याच्या गाड्या पातळ असतात, हे ड्रायव्हर मंडळी तेव्हाच जाणून होती. जिंकायचं असेल तर लोटस हवी आणि भीतीही लोटसचीच.

हे वाचताना मला माझी एक चूक आठवली. मी एका ॲपवर काम करत होतो. गावोगाव फिरून फॉर्म भरणाऱ्या लोकांसाठी ते होतं. ॲप जड झालं होतं, साध्या फोनवर अडकायचं. मी कंबर कसून निम्म्यावर आणलं आणि फार खूश झालो. त्या झटक्यात मी नेटवर्क गेल्यावर माहिती फोनमध्ये जपून ठेवणारा कोडही काढला होता. ऑफिसच्या वायफायवर तो कधी चाललेलाच दिसला नव्हता. मला तो फालतू वाटला. आठवड्याभराने एका ताईंचा फोन आला. डोंगरातल्या वाडीवर दिवसभर भरलेले फॉर्म गायब झाले होते. त्यांना परत तितकंच चालावं लागलं.

मी जे काढलं ते बिनकामाचं नव्हतं. त्याची वेळ आली नव्हती, एवढंच.

शेवट

1973 मध्ये ब्रिटनची करपद्धत बदलली आणि किटची पळवाट बंद झाली. लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम कार्सला विकले, एलानही त्याच वर्षी थांबली आणि कंपनी महागड्या गाड्यांकडे वळली. पगारदार पोरांची गाडी आता लोटसची राहिली नाही.

मग आलं डीलोरियन प्रकरण. जॉन डीलोरियनची गाडी तयार करण्याचं इंजिनिअरिंग लोटसकडे होतं आणि त्या कारखान्यात ब्रिटिश सरकारचा पैसा होता. त्यातले सुमारे 1.76 कोटी डॉलर पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्फत भलतीकडे वळले. चौकशी वाढत असतानाच 16 डिसेंबर 1982 ला चॅपमन हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय फक्त 54. पुढे लोटसच्या हिशेबाचं काम बघणाऱ्या फ्रेड बुशेलला 1992 मध्ये तुरुंगवास झाला. चॅपमन असता तर त्यालाही मोठी शिक्षा झाली असती, असं न्यायाधीशांनी तेव्हा स्पष्ट केलं. नियमातली फट शोधणारा माणूस शेवटी नियमाच्या पलीकडे गेला होता.

तो गेला त्याच दिवशी लोटसची टीम कॉम्प्युटरने चालणाऱ्या सस्पेन्शनची चाचणी घेत होती. म्हणजे गाडीत सॉफ्टवेअर आणायची सुरुवातही त्याच्याच कंपनीत चालू होती.

1989 मध्ये माझदाने एमएक्स-5 आणली. तिच्या इंजिनिअरांनी एलान बारकाईने अभ्यासली होती. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, दोन सीट, टप उघडणारा. 1.6 लिटर इंजिन, अमेरिकेत किंमत 13,800 डॉलर. 2016 मध्ये दहा लाखावी एमएक्स-5 बाहेर पडली. पण तिचं वजन बघा: 900 किलोंच्या वर, म्हणजे एलानपेक्षा साधारण पाव टन जास्त. माझदाने हलकेपणा चॅपमनकडून घेतला, मात्र रोज सकाळी किल्ली फिरवल्यावर गाडी सुरू झालीच पाहिजे यासाठी लागणारं वजन परत घातलं.

आता मी कोणतीही तुलना करताना वजनाचा आकडा आधी बघतो. आणि तो फार कमी दिसला की नक्की काय काढलंय तेही शोधतो. त्या ॲपमध्ये तो कोड मी दुसऱ्याच दिवशी परत घातला. आकार थोडा वाढला, पण ताईंचा फोन परत आला नाही.