जॉर्ज ओहम : तारेचा रोध मोजणारा शाळामास्तर

विजेच्या उपकरणाला मिळणारा दाब व्होल्टमध्ये आणि त्यातून वाहणारी धारा अँपिअरमध्ये कळली, की एका भागाकाराने त्याचा रोध काढता येतो. शाळेत शिकवला जाणारा हा नियम शोधणाऱ्या जॉर्ज सायमन ओहम यांना त्याची किंमत नोकरी देऊन मोजावी लागली.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलुपे बनवणारे कारागीर होते. औपचारिक शिक्षण नसतानाही त्यांनी स्वतः गणित शिकून मुलांना शिकवले. ओहम दहा वर्षांचे असताना आई वारली. १८०५ मध्ये ते एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाले, पण नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचे स्केटिंग यांतच त्यांचा वेळ जाऊ लागला. वडील संतापले. तीन सत्रांनंतर ओहम विद्यापीठ सोडून स्वित्झर्लंडमध्ये गणिताचे शिक्षक झाले. पुढे एर्लांगेनला परतून १८११ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

१८१७ मध्ये त्यांना कोलोनच्या एका शाळेत नोकरी लागली. तिथे भौतिकशास्त्राची चांगली प्रयोगशाळा होती आणि उपकरणे स्वतः तयार करण्याचे कसब त्यांच्या हातात होते. मोठी अडचण बॅटरीची होती. त्या काळच्या बॅटरीचा दाब प्रयोग चालू असतानाच घसरे. त्यामुळे १८२५ मध्ये त्यांनी मांडलेले पहिले सूत्र चुकले.

पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून ओहम यांनी बॅटरी बाजूला ठेवली. बिस्मथ आणि तांबे यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, की तापमानातील फरकामुळे स्थिर दाब मिळतो. या दाबाखाली त्यांनी सारख्या जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या. टांगलेल्या चुंबकसूचीच्या साहाय्याने प्रत्येक वेळची धारा मोजली. तार जितकी लांब, तितकी धारा कमी भरत होती. मंडलाच्या उरलेल्या भागाचा रोधही धरला, की हिशेब नेमका जुळत होता.

१८२७ मध्ये हे सारे पुस्तकरूपाने बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाले. विजेचा असा गणिती विचार अनेक जर्मन विद्वानांना रुचला नाही. निराश झालेल्या ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गला पद मिळेपर्यंतचा काळ ओढाताणीचा गेला.

मोठा सन्मान परदेशातून आला. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. त्याच वर्षी जेम्स जूल यांनी दाखवून दिले की, तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. या दोन नियमांवरून घरच्या गिझरचा हिशेब करता येतो. २३० व्होल्ट दाबावर तो १० अँपिअर धारा घेत असेल, तर २३० भागिले १०, म्हणजे त्याचा रोध २३ ओहम. शक्तीसाठी धारेचा वर्ग १०० आणि रोध २३ यांचा गुणाकार केला, की २३०० वॅट मिळतात. २३० आणि १० यांचा थेट गुणाकार केला तरी उत्तर तेच येते.

म्युनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद ओहम यांना १८५२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी मिळाले. ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला ‘ओहम’ हे नाव स्वीकारले.