शेतकऱ्यांचे गुरुजी : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

मुलांनो, भाजलेल्या शेंगा कुणाला आवडत नाहीत? पण एके काळी अमेरिकेतल्या कापसाच्या मुलखात भुईमुगाला कोणी धड पीकही मानत नव्हते. डुकरांना चारायला थोडासा लावायचा, एवढंच! त्या भुईमुगाला शेतात मानाची जागा मिळावी म्हणून झटलेल्या एका गुरुजींची ही हकिगत आहे.

जॉर्जचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसूरी राज्यात झाला. त्याची आई गुलाम होती. जॉर्ज तान्हा असतानाच दरोडेखोरांनी मायलेकरांना पळवून नेले. मालक मोझेस कार्व्हर यांनी एक घोडा देऊन लेकराला सोडवून आणले. आई मात्र पुन्हा कधीच दिसली नाही. पोर किडकिडीत, सारखं आजारी. शेतातले जड काम झेपेना, म्हणून ते रानातली झाडेझुडपे निरखत बसे. जवळच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. मग शिकण्यासाठी जॉर्जने लहानपणीच घर सोडले. लोकांचे कपडे धुतले, स्वयंपाक केला आणि शिकत राहिला. एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला, पण रंग पाहताच दारातून परत पाठवले. तरी गडी हटला नाही. १८९६ साली आयोवाच्या शेतकी कॉलेजातून वरची पदवी घेऊनच तो बाहेर पडला.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कार्व्हरना अलाबामा राज्यातल्या टस्कीगी येथे आपल्या संस्थेत बोलावले. तिथे कार्व्हरनी काय पाहिले? जिकडे तिकडे कापूसच कापूस. अगदी घराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस! वर्षानुवर्षे एकच पीक घेऊन जमिनीचा कस गेला होता. बहुतेक काळे शेतकरी दुसऱ्याची जमीन बटईने करत. दुकानदार उधार देई, तो कापसाच्या भरवशावर. पिकवायचा कापूस आणि खायला पीठ, मांस विकत आणायचे, तेही उधारीवर. मग कर्ज फिटणार कसे?

अशा माणसाला दुसरे पीक घे असे सांगणे सोपे. पण ते फसले तर त्याच्या पोराबाळांनी खायचे काय? हे कार्व्हरनी ओळखले होते. म्हणून नवे पीक त्यांनी आधी स्वतः करून पाहिले. संस्थेची दहा एकर निकस जमीन त्यांनी प्रयोगासाठी घेतली. महागडी खते गरिबाला परवडणार नाहीत, म्हणून रानातला पालापाचोळा, दलदलीतला गाळ आणि शेणखत घातले. चवळी, रताळी, भुईमूग अशी पिके आलटून पालटून घेतली. मग शेतकऱ्यांना बोलावून ती दाखवली. डोळ्यांदेखत पीक उभे असले म्हणजे जास्त बोलावे लागत नाही.

पण ज्याला टस्कीगीला येणेच जमत नाही, त्याचे काय? त्यासाठी १९०६ साली चाकांवरची शाळा निघाली. घोडागाडीत अवजारे आणि बियाणे भरले, आणि गाडी वाडीवस्तीवर फिरू लागली. कार्व्हरनी तिची आखणी केली आणि थॉमस कॅम्पबेल ती घेऊन गावोगाव हिंडले.

पुढे कापसाची बोंडे पोखरणारा एक सोंडेवाला भुंगा मेक्सिकोकडून सरकत सरकत १९१० मध्ये अलाबामात पोचला. उभी पिके बसली. आता भुईमुगाची गरज लोकांना पटू लागली. पण एवढ्या शेंगांचे करायचे काय? कार्व्हरनी १९१६ मध्ये एक पुस्तिका काढली. तीत भुईमूग कसा लावावा हे होते आणि त्याचे खाण्याचे १०५ प्रकारही होते! १९२१ साली वॉशिंग्टनला खासदारांच्या समितीपुढे बोलायला त्यांना दहा मिनिटे दिली होती. पण त्यांची माहिती ऐकून समितीनेच वेळ वाढवून दिला.

शेंगदाण्याचे लोणी कार्व्हरनी शोधले असे पुष्कळ जण सांगतात, ते बरोबर नाही. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या बऱ्याच वस्तू बाजारात आल्याही नाहीत. आणि सगळेच शेतकरी कापूस सोडू शकले नाहीत, कारण जमीन त्यांची नव्हती. अशांना कार्व्हर सांगत, निदान परसात भाजी आणि रताळी लावा, तेवढी उधारी तरी कमी होईल. गरिबाला आज, आहे त्या जमिनीत करता येईल तेच ते शिकवत. हेच त्यांचे खरे मोठेपण.

५ जानेवारी १९४३ रोजी कार्व्हर वारले. साधे राहून साठवलेला पैसा त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकला होता.

मुलांनो, चवळीचे किंवा भुईमुगाचे एक रोप अलगद उपटून मुळ्या पाहा. बारीक बारीक गाठी दिसतील. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. त्यामुळेच अशा पिकानंतर जमिनीला बळ येते. ते रोप आपल्या घरच्यांनाही दाखवा.