थॅडियस स्टीव्हन्स : एक हट्टी वकील



अब्राहम लिंकन आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. पण त्याच काळात गुलामगिरीविरुद्ध त्यांच्याहूनही कडक भूमिका घेणारे थॅडियस स्टीव्हन्स आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाहीत. आज त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

जन्म १७९२ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला. एक पाय जन्मतःच वाकडा. वडील जोडे शिवायचे, ते घर सोडून निघून गेले. चार मुलगे आईच्या पदरात. मुलांना शिकता यावं म्हणून ती चांगली शाळा असलेल्या पीचम गावी राहायला गेली. पुढे डार्टमथ कॉलेजात शिकून थॅडियस पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला वकिली करू लागले.

१८२१ चा एक खटला वाचताना मात्र आम्हाला टोचलं. गुलाम सहा महिने पेनसिल्व्हेनियात ठेवला तर तो मुक्त, असा तिथला कायदा. चॅरिटी बटलर नावाच्या बाईने त्याच आधारावर स्वतःची आणि मुलांची सुटका मागितली. स्टीव्हन्स उभे राहिले ते मालकाच्या बाजूने! सहा महिने सलग हवेत, असा मुद्दा काढून ते जिंकले. ती माय-लेकरं पुन्हा गुलामीत गेली. चरित्रातून हे वगळावं असं आम्हाला वाटत नाही. पुढे मात्र ते पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने कोर्टात उभे राहू लागले.

१८३३ मध्ये ते राज्याच्या विधानसभेत गेले. दुसऱ्या वर्षी मोफत शाळांचा कायदा झाला आणि करावरून लोक खवळले. १८३५ मध्ये तो रद्द करायला सिनेट तयारच होतं. तुरुंगात जायचं नसतानाही त्यासाठी कर देता, मग शाळेसाठी का नको, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्या भाषणाने सभागृह फिरलं, कायदा वाचला. आईचे कष्ट पाहिलेला माणूस तो, दुसरं काय करणार?

पुढे राज्याच्या नव्या घटनेत काळ्या पुरुषांचा मताधिकार काढला, तेव्हा त्यांनी तिच्यावर सही केली नाही. यादवी युद्धाच्या काळात काँग्रेसमध्ये खर्चाची समिती त्यांच्याकडे होती. १८६३ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने त्यांचा लोखंडाचा कारखाना जाळला. तरी माघार नाही. गुलामगिरी संपवणारी तेरावी आणि समान नागरिकत्व देणारी चौदावी घटनादुरुस्ती, दोन्हींसाठी ते झटले. मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर जमीन द्यावी ही त्यांची योजना मात्र कुणी मानली नाही. पोटाला जमीन नसेल तर मोकळीक घेऊन करायचं काय, हे त्यांना कळत होतं.

११ ऑगस्ट १८६८ ला ते गेले. तोवर चालणंही होत नव्हतं, खुर्चीतून उचलून सभागृहात न्यायचे. लँकेस्टरमधल्या ज्या दफनभूमीत रंगभेद नव्हता, तिथेच त्यांनी स्वतःसाठी जागा ठरवली होती, आणि का, तेही थडग्यावर कोरून घेतलं. अनाथ मुलांच्या आश्रमासाठी पैसे ठेवले, रंगावरून भेद करायचा नाही या अटीवर. त्यातून उभी राहिलेली शिक्षणसंस्था त्यांच्याच नावाने लँकेस्टरला आजही चालू आहे.