अनवाणी धावणारा अबेबे बिकिला

मॅरेथॉन पायांनी धावली जाते की मनाने, हा प्रश्न तसा जुनाच आहे. त्याचा विचार करू लागलो की आम्हांस इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचे चरित्र आठवते.

बिकिलाचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ रोजी इथिओपियातील एका खेड्यात झाला. तारुण्यात तो अदिस अबाबास आला आणि सम्राट हैले सेलासी यांच्या शरीररक्षक दलात शिपाई झाला. तेथे ओन्नी निस्कानेन या स्वीडिश प्रशिक्षकाने त्याचे गुण हेरले. सुमारे २,३०० मीटर उंचीवरील विरळ हवेत त्याचा सराव चाले.

१९६० सालच्या रोम ऑलिंपिकपूर्वी त्याचे नाव क्रीडाजगतात फारसे कोणास ठाऊक नव्हते. नवे बूट पायांस नीट बसेनात, तेव्हा सरावातील सवयीप्रमाणे तो अनवाणीच उतरला. अंधार पडला, मशालींच्या उजेडात प्राचीन आपियन मार्गावरून धावपटू येऊ लागले. मोरोक्कोचा राडी त्याच्या खांद्याला खांदा लावून धावत होता. शेवटचा सुमारे एक किलोमीटर उरला असता, अक्सुमच्या शिलास्तंभापाशी बिकिलाने वेग वाढविला. हा स्तंभ इटलीने इथिओपिया जिंकल्यानंतर १९३७ साली तेथून उचलून आणला होता. ज्या नगरीने आपल्या देशाचा मानबिंदू हिरावून नेला, त्याच नगरीत हा शिपाई २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत पहिला आला. (तो स्तंभ २००५ साली मायदेशी परतला.)

पुढे १९६४ साली, टोकियोच्या शर्यतीस जेमतेम सहा आठवडे उरले असता, त्याच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या कोणी माघार घेतली असती. बिकिलाने २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंदांचा नवा विक्रम केला. दुसरा स्पर्धक चार मिनिटांनी पोचला; तोवर बिकिला मैदानात शांतपणे व्यायाम करीत होता! ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिलाच धावपटू होय.

१९६८ साली मेक्सिकोत मात्र पायाच्या दुखापतीमुळे त्यास शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. त्याचाच सहकारी मामो वोल्डे विजयी झाला. मनाचे सामर्थ्य मोठे असले तरी देहाची मर्यादा त्याने सुटत नाही, हेही येथे मान्य केले पाहिजे.

खरी कसोटी यापुढेच होती. मार्च १९६९ मध्ये मोटार उलटून कण्यास इजा झाली आणि त्या विख्यात पायांतील शक्ती कायमची गेली. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे दीर्घ उपचार झाले. हातांत बळ येताच त्याने धनुर्विद्येचा अभ्यास मांडला, आणि १९७१ साली नॉर्वेत अपंगांच्या स्पर्धेत कुत्र्यांनी ओढावयाच्या घसरगाडीची शर्यत जिंकली. २५ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर या अखेरच्या चार वर्षांत आहे, असे आम्हांस वाटते. पाय गेले, तरी धावणारा उरला होता. घरापासून दूर राहून दीर्घ पल्ल्याची वाटचाल करणाऱ्या आपणां सर्वांस हे चरित्र जवळचे वाटावे.