बॅ. नाथ पै : संसदेच्या हक्कासाठी झगडलेला वेंगुर्ल्याचा सुपुत्र

कोकण रेल्वेचा विषय निघाला की जुनी माणसं आजही बॅ. नाथ पैंचं नाव काढतात. पण घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून दिल्लीत पहिलं विधेयक मांडलं तेही याच माणसाने, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

२५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यात त्यांचा जन्म झाला. १९४२ च्या चळवळीत तुरुंगवास भोगला. पुढे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा सलग तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवलं. पक्ष प्रजा समाजवादी, म्हणजे बसणं कायम विरोधी बाकावर.

फेब्रुवारी १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाचा गोलकनाथ निकाल आला. पंजाबातल्या या कुटुंबाची जादा जमीन जमीनधारणेच्या कायद्यात सरकारजमा होणार होती. ११ न्यायाधीशांनी ६ विरुद्ध ५ असा कौल दिला. जुन्या दुरुस्त्या कायम राहिल्या, पण यापुढे मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असं ठरलं. तेव्हा मालमत्तेचा हक्कही मूलभूत होता. म्हणजे जमीन सुधारणेची पुढची वाटच अडली.

नाथ पैंना हे पटलं नाही. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला घटना बदलताच येत नसेल, तर गरिबाने न्याय मागायचा कुठे, असा त्यांचा सवाल होता. एप्रिल १९६७ मध्येच त्यांनी खासगी विधेयक आणलं. घटनेचं कोणतंही कलम दुरुस्त करायचा अधिकार संसदेला आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, चर्चा रंगल्या. उद्या एखादं सरकार याच अधिकाराने लोकांचं स्वातंत्र्य काढून घेईल, अशी भीतीही काहींनी बोलून दाखवली.

डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक तिथेच संपलं. तीनच आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ रोजी, नाथ पै गेले. वय अवघं ४८.

त्याच वर्षी इंदिरा गांधी सरकारने २४ वी घटनादुरुस्ती करून संसदेला तोच अधिकार दिला. १९७३ च्या केशवानंद भारती निकालात कोर्टाने ही दुरुस्ती मान्य केली, पण घटनेच्या मूळ चौकटीला हात लावता येणार नाही, अशी मेख मारली. पुढे आणीबाणीत, १९७६ साली, ४२ वी दुरुस्ती आली. घटनादुरुस्तीला कोर्टात आव्हानच देता येणार नाही, असं तिच्यात होतं. विरोधकांची भीती खरी ठरली. १९८० मध्ये कोर्टाने तो भाग रद्द केला.

आज संसद मूलभूत हक्कांचं कलमही बदलू शकते, पण चौकट मोडू शकत नाही. यातला पहिला अर्धा भाग मागायला सर्वात आधी उभा राहिला तो आपल्या वेंगुर्ल्याचा माणूस.